लाभाची ओळ

३ फेब्रु., सोम. लातूर

उदगीर गोदाम. पुन्हा फरक १. काट्यावरच्या स्लिपमध्ये पन्नास किलोचे अडतीस कट्टे, आत थप्पीला लागले सदतीस. नोंदी उघडून बघितल्या. नेहमीचंच. दिवसातल्या पहिल्या स्लिपमध्ये पहिल्या कट्ट्याच्या दोन नोंदी, बाकी सगळं सरळ. रिपोर्टात लिहिलं: बटण दोनदा दाबलं. मा.चू.

मा.चू. म्हणजे माणसाची चूक. य.चू. म्हणजे यंत्राची. मीच पाडलेले शब्द, आता सगळं ऑफिस वापरतं. परवा बिरादार साहेबांच्या चहात साखर नव्हती तर शिपायाला म्हणाले, "ही मा.चू. का य.चू.?"

चिनूची बारावी आठ दिवसांवर आली. ती अभ्यास करतेय आणि मी घाबरतेय, अशी वाटणी आहे.

४ फेब्रु., मंगळ.

साहेबांनी बोलावलं. पुढ्यात माझेच रिपोर्ट. दिवाळीनंतरचे अकरा, सगळे उदगीरचे, सगळ्यांवर मा.चू.

"ही सविता स्वामी कोण?"

म्हटलं, काट्यावरची ऑपरेटर. करारावर आहे.

"अकरा वेळा बटण दोनदा दाबलं जातंय का, मॅडम? दर वेळी एक कट्टा जास्त. दर वेळी वेगळ्या माणसाचा. मला तर हे हुशारीचं काम दिसून राहिलं."

मार्चअखेर तिच्या कराराचं नूतनीकरण आहे. समितीपुढे कागद जातील, त्यात हे अकरा रिपोर्ट असतील. साहेब म्हणाले, चूक असो की हुशारी, दोन्हीला आपल्याकडे जागा नाही.

बाहेर आले आणि पाणी प्यायले. मी चूक लिहिली होती. चोरी लिहिली नव्हती. पण दोन अक्षरं कागदावर ठेवून मी घरी जाते, पुढे ती कुठवर चालत जातात ते बघायला जात नाही.

सविताला मी कधी भेटलेली नाही. दीड वर्षापासून फक्त आवाज. "ताई, नेट गेलं." "ताई, नेट आलं." आणि एकदा, का कोण जाणे, "ताई, जेवल्या का?"

५ फेब्रु., बुध.

चिनूने भाकरी खाता खाता विचारलं, "आई, तू ऑफिसात नेमकं काय करतेस? क्लासमध्ये एकीने विचारलं, मला सांगता आलं नाही."

सांगितलं. शेतकरी गोदामात माल आणतो. त्याच्या नावाची स्लिप उघडते. कट्टा काट्यावर चढतो, ऑपरेटर बटण दाबते, वजनाचा मेसेज लातूरला येतो, लातूर उलटी पोच देतं. मग पुढचा कट्टा. पाच गोदामं, दिवसभर मेसेज आणि पोच. कुठे गडबड झाली तर ते सगळे मेसेज ओळीने वाचायचे आणि कुठे बिनसलं ते शोधायचं.

"म्हणजे तू लोकांचे मेसेज वाचतेस."

काट्यांचे.

"काटे गोड बोलतात का?"

नाही. पण खोटं बोलत नाहीत. असं म्हणाले खरी.

६ फेब्रु., गुरु.

उदगीरला फोन केला. सविताशी. काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तरी अडखळले.

"पहिल्या कट्ट्याला बटण दोनदा दाबलं जातं का, सविता?"

"न्हाई ओ ताई. एकदाच दाबते."

"घाईत वगैरे?"

"पहिल्याला कसली घाई, ताई? दिवस तर सुरू होऊन राहिला."

आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं. लपवणाऱ्याचा आवाज कसा असतो हे तरी मला कुठे माहीत आहे. कराराचं काही बोलले नाही. धीर झाला नाही. फोन ठेवताना तिनेच विचारलं, ताईच्या मुलीची परीक्षा कधी हाय. हे तिला कधी सांगितलं होतं?

८ फेब्रु., शनि. नांदेड

सकाळची एस.टी. अहमदपूरला चहा, लोह्याला पेरू. घरी पोचले तर मकरंदने वांग्याचं भरीत केलं होतं आणि सासूबाई त्यात काय कमी आहे ते सांगत होत्या. लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यातली दोन चिनूच्या क्लाससाठी मी लातुरात आणि तो इथे. नांदेडला बदलीचा माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. जूनपर्यंत होईल म्हणतात.

उदगीरचं मनातून जात नव्हतं. मकरंदला अकराही तारखा वाचून दाखवल्या. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला आकडे ऐकले की पेन लागतं. भिंतीवरचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर अजून नव्याच्या मागे टांगलेलं. ते काढून त्याने एकेका तारखेला गोल केला. दूध, गॅस, सासूबाईंची गोळी, त्या सगळ्या खुणांच्या मधून.

"तू वार बघितला नाहीस?"

नव्हता बघितला. आमच्या रिपोर्टात तारीख असते, वार नसतो.

अकराही सोमवार. एक उभी रांग, नव्या कॅलेंडरावर पुढे चालू. मधले दोन सोमवार तेवढे कोरे.

सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी महादेवाचा उपास असतो. बाई उपाशी असेल, हात कापत असेल."

हसलो. पण रात्रीपुरतं तेच एक स्पष्टीकरण आमच्याकडे होतं.

१० फेब्रु., सोम. लातूर

साडेआठलाच ऑफिस. उदगीरचा लॉग समोर लावून बसले, क्रिकेट बघतात तशी. ९.२० ला स्लिप उघडली. नऊ सेकंदांत पहिला कट्टा. एकच नोंद. दुसरा, तिसरा. बावीस कट्टे, थप्पीला बावीस. काहीच झालं नाही.

सोमवारचा तर्क कोसळला. दुपारी सविताला फोन केला, उगीच काहीतरी विचारायला.

"आज आप्पा न्हाईत, ताई. भालकीला लगीन हाय. म्हणून कसं सुनं सुनं वाटून राहिलं."

आप्पा कोण?

"आमचे मापाडी. वीरभद्रप्पा. तेच तर कट्टे मोजतात, मोठ्यानं. मी नुसती बटण दाबते."

हजेरीपट मागवून घेतला. ते दोन कोरे सोमवार. दोन्ही दिवशी आप्पा गैरहजर.

आधी आनंद झाला. मग लगेच भीती. सवितावरचा संशय उचलून मी एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवला की काय? साहेबांना काही बोलले नाही.

११ फेब्रु., मंगळ.

चिनूचा पहिला पेपर. इंग्रजी. बाहेर आली, म्हणाली, बरा. पुढे काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघींनी उसाचा रस प्यायला. तिने दोन ग्लास.

१२ फेब्रु., बुध.

आज लिहायला हात जड आहे.

अकराही स्लिपा शेजारी शेजारी लावल्या. पहिल्या कट्ट्याच्या दोन नोंदी. वजन जवळपास सारखं, पण तंतोतंत नाही. हे आधीही दिसलं होतं, कट्टा हलला असेल म्हणून सोडून दिलेलं. आज बघितलं तर दर वेळी पहिली नोंद जड. दीडशे ग्रॅम, दोनशे, एकदा तीनशे. कधीच हलकी नाही. अकरा वेळा कट्टा हलतो आणि अकरा वेळा एकाच बाजूला?

मग पूर्ण लॉग उघडला. माझ्या पडद्यावर चारच रकाने असतात: स्लिप, तारीख, वेळ, वजन. बाकीचे मीच झाकून ठेवलेत, दोन वर्षांपूर्वी, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. शेवटचा रकाना एका अक्षराचा. 'ह' म्हणजे हाताने बटण दाबलं. 'स्व' म्हणजे स्वतःहून, बटणाशिवाय.

अकराही ठिकाणी पहिली नोंद 'स्व'. दुसरी 'ह'.

सविता खरं बोलत होती. बटण एकदाच.

आणि 'स्व' कुठून येतं ते मला कुणाला विचारायची गरज नाही. भोकरचा ऑपरेटर गजानन बटण दाबायला विसरायचा. कट्टे मोजल्याशिवाय आत जायचे. तेव्हा, दिवाळीत, मी नियम घातला: कट्टा काट्यावर चढल्यापासून पंचेचाळीस सेकंदांत बटण दाबलं नाही, तर जे वजन असेल ते आपोआप नोंदवायचं. इतका वेळ कुणी कट्टा काट्यावर ठेवत नाही, ठेवला म्हणजे विसरलाच, असा माझा हिशेब. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

गजाननसाठी लावलेला सापळा, त्यात सविता सापडली. आणि वर मीच मा.चू. लिहीत राहिले.

तसं मा.चू. बरोबरच आहे. माणूस तेवढा चुकला.

१३ फेब्रु., गुरु.

एक अजून कळत नाही. पंचेचाळीस सेकंद ही मोठी वेळ आहे. मी आज ओट्यापाशी मोजून बघितली. तेवढ्यात फोडणी होते. सोमवारी सकाळी, पहिला कट्टा काट्यावर ठेवून, हातात बटण असताना, उदगीरची माणसं इतका वेळ काय करतात?

आणि ते दीडशे ग्रॅम कशाचे?

हे लॉगमध्ये सापडणार नाही. लॉगला एवढंच माहीत आहे की काही झालं नाही.

१७ फेब्रु., सोम. उदगीर, परत लातूर

सहाची एस.टी. धरली. चिनूचा पेपर उद्या, ती म्हणाली जा, तू घरी असलीस की मला जास्त टेन्शन येतं.

गोदाम रेल्वे स्टेशनच्या अंगाला. दारातच बाई उभी, ठेंगणी, अबोली रंगाची साडी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माची बारीक रेघ. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्ही फोनवर उंच वाटता." ही सविता. पस्तिशीची असेल. लगेच डबा उघडून शेंगदाण्याची चटणी दाखवली, दुपारी इथंच जेवायचं, नाही म्हणायचं नाही.

आप्पा काट्याजवळ स्टुलावर. सत्तरीला आलेले, पांढरं धोतर, आवाज असा की थप्पीच्या मागचा हमाल ओ देतो. "बसा अक्का. लातूरहून आलात. आमचं काय चुकलं का?"

म्हटलं, बघायला आले. खोटं नव्हतं.

पहिला माल सय्यदभाईंचा, जवळच्याच खेड्यातले, हरभरा. सविताने स्लिप उघडली. हमालांनी पहिला कट्टा काट्यावर ठेवला. मी घड्याळाकडे बघितलं.

बटणाला कुणी हात लावला नाही. आप्पांनी कनवटीची पुडी काढली, तीन बोटांना भस्म लावलं आणि कट्ट्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. बेलाचं एक पान ठेवलं. डोळे मिटले. हमाल डोक्यावरचं फडकं काढून उभे. मग आप्पा बाजूला झाले आणि म्हणाले, "या सय्यदभाई. तुमची बरकत म्हणा, मग माझा लाभ."

सय्यदभाई पुढे आले. दोन्ही तळवे कट्ट्यावर टेकले, मान खाली घातली, ओठातल्या ओठात काही म्हणत राहिले.

पडद्यावर टिक् झालं. माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. ओळ एक: ५०.६०. सय्यदभाईंचे हात अजून तिथेच होते.

त्यांनी हात काढले. आप्पा मोठ्याने म्हणाले, "लाभ." सविताने बटण दाबलं. ओळ दोन: ५०.४०.

दोनशे ग्रॅम.

पुढचा कट्टा. आप्पा म्हणाले, "दोन." पडद्यावर तीन. आप्पा "तीन", पडद्यावर चार. एक कुणी म्हणतच नाही इथे. पहिलं माप लाभ, मग थेट दोन. सविता शांतपणे दाबत राहिली. मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, आणि बसलेही, एका रिकाम्या बारदानावर.

माल संपल्यावर तिला विचारलं. आप्पा सांगतात त्याच्यापेक्षा पडदा एकाने पुढे आहे, तुला दिसत नाही का?

"दिसतं की. ती लाभाची ओळ न, ताई."

लाभाची ओळ?

"म्हणजे आप्पाचा लाभ देवाचा, त्याची ओळ तुम्ही वेगळी दिली न लातूरवाल्यांनी. सोमवारी येती, महादेवाचा वार म्हणून. बाकीच्या दिवशी आप्पा नुसता हात लावून लाभ म्हणतात, तवा न्हाई येत." थोडी लाजली. "पहिल्यांदा आली तवा मला लई बरं वाटलं. म्हणलं, तिकडं एसीत बसून बी यांना कळतं."



मग म्हटलं, फोनवर विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?

"तुम्ही बटणाचं विचारलं. ओळीचं कुठं विचारलं?"

खरं आहे. गोदामातला फरक थेट लातूरला येतो, लातूर मा.चू. लिहून कपाटात ठेवतं, आणि ज्या माणसाची चूक त्याला कुणी सांगतच नाही. अकरा वेळा मी लिहिलं, एकदाही तिला कळवलं नाही.

जेवताना सगळं सांगितलं. नियम माझा, रिपोर्ट माझे, आणि मार्चचा करारही. ती चटणीत तेल कालवत होती, हात थांबला.

"म्हणजे मी कट्टा वाढवते असं वाटून राहिलं साहेबाला?"

हो.

"आणि तुमाला?"

म्हटलं, मला वाटलं बटण दोनदा दाबतेस.

मग तिने माझ्या ताटात भाकरीचा अर्धा तुकडा ठेवला. "ते चालतंय," म्हणाली. "येंधळी म्हणलं तर चालतंय."

आप्पांना यातलं फार काही सांगितलं नाही आम्ही. निघताना ते म्हणाले, "अक्का, यंत्र चांगलं हाय तुमचं. फक्त जरा उतावळं हाय."

१८ फेब्रु., मंगळ.

साहेबांना सांगितलं. ऐकताना दोनदा हसले, एकदा चष्मा काढला.

"आमच्या वडलांच्या खळ्यावर बी लाभच म्हणायचे," म्हणाले. मग चष्मा घातला. "म्हाताऱ्याला सांगा, पूजा घरून करून ये. मिटलं."

म्हटलं, साहेब, ते तिथे आधीपासून आहेत. पंचेचाळीस सेकंद नंतर आले. आणि ते मी एका दुपारी मनाने ठरवले होते. चाळीसही ठरवले असते.

"नियम तुमचा?"

माझा.

"लेखी द्या. अकरा रिपोर्ट मागे घेते, चूक नियमात होती, नियम कुणी लावला, सगळं. समितीपुढे नुसतं तोंडी चालत नसतं." मग म्हणाले, "तुमच्या सेवापुस्तकात लागेल ते. बदलीचा अर्ज आहे न तुमचा?"

आहे. त्याच टेबलावर, पेपरवेटच्या खाली, मला कोपरा दिसत होता.

तिथेच बसून लिहिलं. दीड पान. अकरा जागी खाडाखोड करून मा.चू. च्या ठिकाणी य.चू. लिहिणार होते, पण ते खरं नव्हतं. यंत्राने सांगितलं तेच केलं. मग लिहिलं: माणसाची चूक, माणूस मी.

संध्याकाळी कळलं, चिनूचा पेपर सोपा गेला. देवाचे आभार कुठल्या ओळीत मानावे.

२२ फेब्रु., शनि. नांदेड

मकरंदला सांगितलं. वाटलं बदलीचं ऐकून चेहरा पडेल. तो म्हणाला, "हाताचं वजन दोनशे ग्रॅम?"

मग स्वयंपाकघरातला काटा काढला आणि आम्ही तिघं, सासूबाईंसकट, हात टेकवून बघत बसलो. नुसता टेकवला तर दीडशे. मनापासून टेकवला तर वाढतं. सासूबाईंचं सर्वांत जास्त आलं. त्या खूश.

बदलीचं तो शेवटी बसस्टँडवर बोलला. "नाही झाली तर मी लातूरला अर्ज करतो. गणित तिथेही तेच असणार."

२६ फेब्रु., बुध. लातूर

महाशिवरात्र. सुट्टी. चिनू आणि मी भगर, शेंगदाण्याची आमटी. सविताचा फोन, कामाचा नाही, पहिल्यांदाच. आप्पांनी गोदामाच्या दारात बेलाचं रोप लावलंय. "ताई, करारचं काय कळलं का?" हे शेवटी, सहज विचारल्यासारखं. नाही कळलं म्हटलं. "असू द्या," म्हणाली. मग म्हणाली, तिच्या मुलीला यंदा सायकल पाहिजे होती, पण एप्रिलपर्यंत थांब म्हणलंय.

एप्रिलपर्यंत थांब. हे माझ्या दीड पानावर आहे.

३ मार्च, सोम.

नवा नियम सुरू. आपोआप नोंद बंद. उदगीर: पहिला कट्टा एक्क्याऐंशी सेकंद, एकच नोंद. मी टेबलावर हलकेच थाप मारली.

अकरा वाजता भोकर. फरक उणे १. गजानन बटण दाबायला विसरला.

फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमचं ते आपोआपवालं चांगलं होतं. मी त्याच्यावरच अवलंबून राहिलो होतो." चार महिने हा माणूस माझ्या नियमाच्या अंगावर रेलून उभा होता, आणि मला वाटत होतं तो सुधारला.

साहेब दारातून डोकावले. "आता ही कुणाची?"

म्हटलं, वाटून घेतो.

५ मार्च, बुध.

उपाय: पंचेचाळीस सेकंद झाले की नोंद नाही, फक्त घंटी. माणसाला आठवण करायची, त्याच्या जागी काम करायचं नाही. हे मला यंत्राविषयी आत्ता कळलं. चिनूच्या बाबतीत अजून कळायचं आहे. आज रसायनशास्त्राचं पुस्तक मी तिच्या बॅगेत स्वतः भरलं. तिने शांतपणे बाहेर काढलं. पेपर जीवशास्त्राचा होता.

संगणकात आठ आवाज होते. सातवा घेतला, लहान पितळी घंटीसारखा. बाकीचे सगळे ओरडत होते.

१० मार्च, सोम.

भोकर: गजाननला घंटी तीनदा झाली, तिन्ही वेळा दाबलं. फरक शून्य.

उदगीर: घंटी एकदा. नोंद एक. फरक शून्य. साडेनऊला सविताचा फोन.

"ताई, घंटी लई चांगली दिली तुम्ही."

कामाला येतेय का?

"कामाला म्हणजे, आप्पानं भस्म लावलं, बेल ठेवला, डोळे मिटले, आन् तेवढ्यात टुण्ण. आप्पा म्हणले, इतकी वर्षं घंटीच तेवढी नव्हती."

मी तिला सांगायला गेले की ती आठवणीची आहे, बटण दाबायची. मग गप्प बसले. आठवणीचीच आहे.

१७ मार्च, सोम.

चिनूचे पेपर संपले. खोलीभर कागद. झोपून उठली आणि म्हणाली, "आई, सवितामावशीचं झालं का?" ती कधी मावशी झाली?

साहेबांना विचारलं. समितीची बैठक पुढे गेली. माझं दीड पान फाइलीला लागलंय एवढं त्यांनी दाखवलं. वर पिवळी चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: "वाचावे." एवढंच. बऱ्याचे का वाईटाचे, विचारलं नाही. चिठ्ठी जरा तिरकी लागली होती, साहेबांनी ती सरळ केली. मला ते बरं लक्षण वाटलं. मी आजकाल एका अक्षराच्या रकान्यातूनही अर्थ काढते.

२४ मार्च, सोम.

सकाळी उदगीरचा लॉग लावला. आता गरज नाही, तरी सोमवारी लावते. रकाने सगळे उघडे ठेवलेत.

९.१४ स्लिप उघडली. कट्टा चढला. मग काही नाही. पूर्वी या जागी मला फक्त रिकामी ओळ दिसायची. आज पुडी निघाली, तीन रेघा झाल्या, पान ठेवलं गेलं, हमालांची फडकी उतरली. वजन क्षणभर वाढलं. कुणाचे तरी हात. टुण्ण झालं असेल. वजन कमी झालं. ९.१५ आणि थोडे सेकंद. ओळ एक. शेवटी 'ह'.

मग दोन. तीन.

फोन वाजला. "ताई, सगळं बराबर झालंय, पण एक विचारू? ती लाभाची ओळ आता कधीच येणार न्हाई का?"

आवाजात थोडी हुरहूर होती. मी तिला सांगितलं, आली की. पहिली आहे ती लाभाचीच. एक असं कुणी म्हटलंच नव्हतं ना तिथे.

थोडा वेळ ती पडद्याकडे बघत असावी. "हाव की," म्हणाली.

मग तिने कराराचं विचारलं. समिती आज चारला बसली. साहेब फाइल घेऊन गेले तेव्हा माझा अर्जही तिच्यात होता, दोन्ही एकाच दोरीत. आत्ता पावणेसहा झालेत. दार बंद आहे. शिपाई दोनदा चहा नेऊन आला, दुसऱ्यांदा साखर बरोबर होती म्हणे.

सविताला फोनवर म्हटलं होतं, कळलं की लगेच कळवते. तिने विचारलं, किती वेळ लागंल?

म्हटलं, तिथे पंचेचाळीस सेकंदांचा नियम नाही.

ती हसली. "मग थांबू की," म्हणाली. "आमाला सवय हाय."